एका सरीआड पाणी

(द्वितीय वर्ष कला)

धरणगाव हे बालकवींचे जन्मगाव. त्यामुळे आपल्या वार्षिकांकात कवितेवरील लेखांना तोटा नसतो. कला शाखेच्या विद्यार्थिनीने दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील रेघांवर लेख लिहावा, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु गेल्या वर्षी या रेघांनी आमच्या घरात असा काही घोळ घातला, की त्यांची मुळापासून ओळख करून घेणे मला भाग पडले. जे कळले ते माझ्यासारख्याच विज्ञान न शिकलेल्या वाचकांना सोप्या शब्दांत सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गेल्या दिवाळीत कापूस विकल्यावर आमच्या घरी नवा चपटा दूरचित्रवाणी संच आला आणि त्याबरोबर हाय डेफिनिशन वाहिन्या दाखविणारा सेट टॉप बॉक्सही आला. आमचे नाना चौथीपर्यंत शिकलेले. संध्याकाळी शेतातून आल्यावर बातम्यांच्या वाहिनीवर खालून सरकणारी बाजारभावांची पट्टी स्वतः वाचायची, हा त्यांचा नेम. त्या वाचण्यात त्यांना एक प्रकारचा अभिमान असतो. नवा संच आल्यापासून मात्र ते मला हाक मारू लागले, "वाच व बेटा, काय भाव शे?" काही दिवस मी वाचून दाखविले. पुढे एक दिवस आईकडून कळले, की आपली नजर गेली असे समजून नाना जळगावला डोळे तपासून आले आहेत. डॉक्टरांनी जवळच्या वाचनासाठी चष्मा दिला. लांबचे उत्तम दिसते, असेही सांगितले. तरीही नानांना पट्टी वाचता येईना.

मग मी पडद्याजवळ जाऊन नीट पाहिले. स्थिर अक्षरे स्वच्छ होती. परंतु सरकणाऱ्या अक्षरांच्या कडांना कंगव्यासारखे दात फुटले होते. कबड्डीचा सामना लावला तर चढाई करणाऱ्या खेळाडूचे हातपाय तसेच चिरफाळलेले. आजी म्हणाली, "हाई काय व्हई ऱ्हायनं व?" ज्या दुकानातून संच घेतला होता तेथे विचारले, तर "स्वस्त संचात असेच दिसणार, मोठा फोर-के संच घ्या," असे उत्तर मिळाले. तेवढे पैसे आमच्याजवळ नव्हते. तेव्हा दात कोठून येतात, हे शोधणे एवढेच माझ्या हाती उरले.

चित्र रेघांचे बनते

दूरचित्रवाणीवर चित्र हलताना दिसते. पण वस्तुतः तेथे हलणारे असे काहीच नसते. एकामागून एक स्थिर चित्रे वेगाने दाखविली, की डोळ्यांना ती सलग हालचाल वाटते. सिनेमाच्या फितीवर सेकंदाला २४ चित्रे असतात. हालचाल दिसण्यास २४ चित्रे पुरतात. पण पडदा लुकलुकू नये यासाठी ती पुरत नाहीत. म्हणून सिनेमाच्या यंत्रात फिरती झडप बसविलेली असते आणि तीच एका चित्रावर दोन किंवा तीन वेळा प्रकाश टाकते. चित्रे २४ च, पण प्रकाशाची उघडझाप ४८ किंवा ७२ वेळा. यात्रेतल्या तंबूत सिनेमा पाहणाऱ्यांनी तो पडदा डोळ्यांना न टोचता पाहिला, तो या युक्तीमुळे.

दूरचित्रवाणीची गोष्ट निराळी. जुन्या काचेच्या नळीच्या संचात एक इलेक्ट्रॉन शलाका पडद्याच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत एक रेघ ओढी, मग खालची, मग त्याखालची. पाटीवर वरून खाली रेघा ओढाव्यात तसे. पडद्यावरचा लेप शलाका पडताच उजळे आणि क्षणार्धात विझू लागे. सगळ्या रेघा ओढून शलाका पुन्हा वर येईपर्यंत वरचा भाग अंधारलेला असे. सेकंदाला २५ पूर्ण चित्रे अशा रीतीने ओढली, तर पडदा सारखा फडफडतो. सेकंदाला ५० चित्रे ओढावीत, तर फडफड थांबते. पण मग दुप्पट माहिती पाठवावी लागते. हवेतून माहिती पाठविण्यासाठी जी लहरींची पट्टी मिळते तिची रुंदी मर्यादित असते. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत चित्रासाठी ५ मेगाहर्ट्झ एवढी रुंदी ठेवलेली होती. सेकंदाला ५० पूर्ण चित्रे पाठवायची तर १० मेगाहर्ट्झ लागले असते, म्हणजे निम्म्याच वाहिन्या मावल्या असत्या.

पाणी थोडे आणि शेत मोठे, असा हा पेच होता.

एका सरीआड

हा पेच आपल्या खानदेशातल्या शेतकऱ्याला नवा नाही. विहिरीला पाणी कमी आणि पंपाला वीज थोडेच तास. सगळ्या सऱ्या भिजवायला बसले तर अर्धे शेत कोरडे राहते आणि पाळी संपते. अशा वेळी जाणता शेतकरी कपाशीला एका सरीआड पाणी देतो. या पाळीला पहिली, तिसरी, पाचवी सरी. पुढच्या पाळीला दुसरी, चौथी, सहावी. प्रत्येक झाडाच्या एका तरी बाजूला ओल राहते, म्हणून पीक सुकत नाही.

दूरचित्रवाणीच्या अभियंत्यांनी नेमके हेच केले. एका पूर्ण चित्राचे दोन अर्धे भाग पाडले. आधी १, ३, ५ या विषम रेघा वरपासून खालपर्यंत ओढावयाच्या. मग पुन्हा वर येऊन २, ४, ६ या सम रेघा मधल्या रिकाम्या जागी भरावयाच्या. सेकंदाला पूर्ण चित्रे २५ च, पण पडदा वरून खाली ५० वेळा उजळतो. विझत चाललेल्या प्रत्येक रेघेच्या शेजारची रेघ नव्याने उजळत असते, म्हणून फडफड डोळ्यांना जाणवत नाही. लहरींची रुंदी मात्र २५ चित्रांपुरतीच लागते. या पद्धतीला इंटरलेस्ड म्हणतात. मराठीत तिला गुंफण पद्धत म्हणता येईल. सगळ्या रेघा क्रमाने एकदमच ओढण्याच्या पद्धतीला प्रोग्रेसिव्ह, म्हणजे सलग पद्धत म्हणतात. गंमत अशी, की गुंफण पद्धतीतील अर्ध्या चित्राला इंग्रजीत फील्ड असा शब्द आहे, आणि फील्डचा अर्थ शेत असाही होतो!

आपल्या जुन्या दूरचित्रवाणीत एका चित्राच्या ६२५ रेघा असत. ६२५ ही विषम संख्या मुद्दाम निवडलेली आहे. तिचे निम्मे केले की ३१२ पूर्णांक १/२ येतात. पहिले अर्धे चित्र अर्ध्या रेघेवर संपते, म्हणून दुसरे आपोआप अर्धी रेघ सरकून सुरू होते आणि त्याच्या रेघा पहिल्याच्या मधोमध बसतात. सेकंदाला ५० हा आकडाही आपल्या घरातील विजेशी जुळणारा आहे. आपल्याकडे विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो. अमेरिकेत तो ६० आवर्तने करतो, म्हणून तेथे अर्धी चित्रे सेकंदाला सुमारे ६० ठरली.

थोडा इतिहास

ही कल्पना बरीच जुनी आहे. जर्मनीतील टेलिफुंकेन कंपनीच्या फ्रिट्झ श्रोटर यांनी १९३० मध्ये तिचे एकस्व नोंदविले. अमेरिकेत आर.सी.ए. कंपनीचे रँडल बॅलार्ड यांनी १९३२ मध्ये त्याच दिशेने काम केले. या दोन पद्धतींचा खरा सामना झाला तो लंडनमध्ये. २ नोव्हेंबर १९३६ रोजी बी.बी.सी.ने नियमित दूरचित्रवाणी सेवा सुरू केली, तेव्हा दोन प्रतिस्पर्धी पद्धती आळीपाळीने वापरल्या जात. जॉन लोगी बेअर्ड यांची पद्धत २४० रेघांची, सेकंदाला २५ चित्रांची व सलग होती. मार्कोनी-ई.एम.आय. यांची पद्धत ४०५ रेघांची, ५० अर्ध्या चित्रांची, गुंफणीची होती. फेब्रुवारी १९३७ मध्ये बेअर्ड यांची पद्धत बंद करण्यात आली. ज्या बेअर्ड यांनी १९२६ मध्ये जगाला दूरचित्रवाणीचे प्रात्यक्षिक दाखविले, त्यांचीच पद्धत अशा रीतीने मागे पडली. त्यानंतर सुमारे ७० वर्षे जगभर गुंफण पद्धतीचेच राज्य होते.

भारतात १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीला प्रायोगिक दूरचित्रवाणी सुरू झाली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या ए.टी.एस.-६ या उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत कार्यक्रम दाखविण्याचा 'साइट' हा प्रयोग झाला. १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी रंग आला. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेला आणि पुढच्या काही वर्षांत देशभर लहान क्षेपणकेंद्रे उभी राहिली. आजी सांगते, की १९८७-८८ मध्ये 'रामायण' मालिकेच्या वेळी गल्लीतल्या एकाच संचासमोर सारी गल्ली बसायची. त्या चित्राच्याही रेघा एका सरीआडच येत होत्या; पण तेव्हा कोणालाही दात दिसले नाहीत. असे का?

दात कोठून आले?

याचे उत्तर समजण्यासाठी पुन्हा शेताकडे वळू. एका सरीआड पाणी देण्याची युक्ती चालते, कारण दोन पाळ्यांच्या मध्ये कपाशीची झाडे जागची हलत नाहीत. समजा, पहिल्या पाळीनंतर सगळी झाडे हातभर उजवीकडे सरकली, तर काय होईल? दूरचित्रवाणीत तसेच घडते. विषम रेघा एका क्षणी टिपलेल्या असतात आणि सम रेघा त्यानंतर सेकंदाच्या ५० व्या भागाने. हा काळ क्षुल्लक वाटतो. पण हिशेब करून पाहावा. कबड्डीचा खेळाडू ताशी १८ किलोमीटर वेगाने धावला, तर सेकंदाला ५ मीटर होतात, आणि सेकंदाच्या ५० व्या भागात १० सेंटीमीटर! ताशी १४० किलोमीटर वेगाचा क्रिकेटचा चेंडू तेवढ्या वेळात पाऊण मीटरहून अधिक अंतर कापतो. म्हणजे विषम रेघांतील खेळाडू एका जागी व सम रेघांतील खेळाडू त्याच्या १० सेंटीमीटर पुढे. दोन्ही अर्धी चित्रे एकाच वेळी एकत्र दाखविली, की एक रेघ मागे, एक रेघ पुढे, असा कंगवा तयार होतो.

काचेच्या जुन्या संचात ही अडचण नव्हती. तो अर्धी चित्रे ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने दाखवी. दुसरे अर्धे उजळेपर्यंत पहिले जवळजवळ विझलेले असे, त्यामुळे दोघांची गाठच पडत नसे. नवे चपटे संच निराळे असतात. त्यांच्या पडद्यावर लाखो ठिपके असतात आणि पुढचे चित्र येईपर्यंत ते जसेच्या तसे उजळलेले राहतात. त्यांना अर्धे चित्र दाखविता येत नाही, पूर्णच हवे. म्हणून आलेल्या अर्ध्या चित्रांतून पूर्ण चित्र बनविण्याचे काम संचातील किंवा बॉक्समधील मंडलाला करावे लागते. याला डीइंटरलेसिंग, म्हणजे गुंफण सोडविणे, असे म्हणतात.

हे काम तीन तऱ्हांनी होते. पहिली तऱ्हा म्हणजे दोन्ही अर्धी चित्रे सरळ एकमेकांत विणणे. स्थिर चित्राला ही उत्तम. पण हलत्या चित्राला दात येतात. दुसरी तऱ्हा म्हणजे प्रत्येक अर्ध्या चित्रातील मधल्या रिकाम्या रेघा शेजारच्या रेघांवरून अंदाजाने भरणे. यात दात येत नाहीत. पण चित्राची बारकाई कमी होते आणि बारीक आडव्या पट्ट्यांचा सदरा थरथरताना दिसतो. तिसरी तऱ्हा शहाणपणाची. चित्राचा कोणता भाग स्थिर व कोणता हलता हे मंडल तपासते. स्थिर भाग विणते आणि हलत्या भागात अंदाज वापरते. चांगल्या संचात ही तिसरी तऱ्हा असते.

सिनेमा मात्र यातून सुटतो. ५० आवर्तनांच्या देशांत २४ चित्रांचा सिनेमा बहुधा किंचित वेगाने, सेकंदाला २५ चित्रे याप्रमाणे दाखवितात. तेव्हा एकाच स्थिर चित्राचे दोन भाग केलेले असतात, दोन्ही भाग एकाच क्षणाचे. ते विणले की मूळ चित्र जसेच्या तसे मिळते. आमच्या घरी मराठी चित्रपट स्वच्छ दिसत आणि कबड्डी फाटकी दिसे, त्याचे कारण हेच होते.

आय आणि पी यांचा हिशेब

हाय डेफिनिशन चित्राची बारकाई दोन आकड्यांनी सांगतात. १०८० म्हणजे वरपासून खालपर्यंत १०८० रेघा. प्रत्येक रेघेत १९२० ठिपके. ७२० म्हणजे ७२० रेघा. प्रत्येकीत १२८० ठिपके. आकड्यापुढे 'आय' असेल तर गुंफण, 'पी' असेल तर सलग. आपल्या देशात हाय डेफिनिशन प्रक्षेपणाचा मोठा प्रसंग म्हणजे ऑक्टोबर २०१० मधील दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा. आपल्याकडील हाय डेफिनिशन उपग्रह वाहिन्या प्रामुख्याने १०८० आय याच पद्धतीने येत आल्या आहेत.

आता साधा गुणाकार करू. १०८० आयमध्ये सेकंदाला २५ पूर्ण चित्रे, म्हणजे १९२० गुणिले १०८० गुणिले २५, बरोबर ५ कोटी १८ लाख ४० हजार ठिपके. ७२० पीमध्ये सेकंदाला ५० पूर्ण चित्रे धरली, तर १२८० गुणिले ७२० गुणिले ५०, बरोबर ४ कोटी ६० लाख ८० हजार ठिपके. दोन्हींचे ओझे जवळजवळ सारखेच! पहिल्यात बारकाई अधिक, दुसऱ्यात हालचाल अधिक स्वच्छ. १०८० रेघा आणि सेकंदाला ५० पूर्ण चित्रे अशी दोन्ही सुखे हवी असतील, तर १० कोटी ३६ लाख ८० हजार ठिपके पाठवावे लागतात. अमेरिकेत या निवडीवरून चक्क दोन तट पडले. ए.बी.सी., फॉक्स व खेळांची ई.एस.पी.एन. यांनी ७२० पी निवडले, सी.बी.एस. व एन.बी.सी. यांनी १०८० आय. युरोपातील प्रक्षेपण संस्थांच्या संघानेही चपट्या संचांचा विचार करून ७२० पीची शिफारस केली होती आणि जर्मनीच्या सार्वजनिक वाहिन्यांनी तेच स्वीकारले.

हे सारे ओझे उपग्रहातून जाते. उदाहरणार्थ, दूरदर्शनच्या फ्री डिश सेवेसाठी वापरला जाणारा जीसॅट-१५ हा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये अवकाशात गेला. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर तो पृथ्वीबरोबर फिरतो, म्हणून आपल्या गच्चीवरच्या तबकडीला तो एकाच जागी दिसतो. उपग्रहावरील जागा विहिरीतल्या पाण्यापेक्षाही मोजकी व महाग असते. १०८० आय चित्र कच्च्या स्वरूपात पाठवावयाचे, तर प्रत्येक ठिपक्याला १६ बिट धरून सेकंदाला सुमारे ८३ कोटी बिट होतात. प्रत्यक्षात ते दाबून सुमारे १ कोटी किंवा त्याहूनही कमी बिटांत बसवितात.

हे दाबणे कसे होते? मागच्या चित्रात जे होते ते पुन्हा पाठवायचे नाही. जे बदलले तेवढेच पाठवायचे. चित्राचे छोटे चौकोन करून 'हा चौकोन मागच्या चित्रातल्या अमुक जागेवरून इकडे सरकला' एवढेच कळवायचे. बातम्या सांगणाऱ्याच्या मागची भिंत हलत नाही, तेव्हा तिचे वर्णन पुन्हा पुन्हा कशाला? परंतु गुंफण पद्धतीत येथेही दात आडवे येतात. हलत्या भागात दोन अर्धी चित्रे विणली, की प्रत्येक रेघ शेजारच्या रेघेपेक्षा निराळी होते. यंत्राला तो बारीक नक्षीचा भाग वाटतो आणि त्यावर बिट विनाकारण खर्च होतात. म्हणून एच-२६४ या दाबण्याच्या पद्धतीत एक सोय केलेली आहे. चित्र पाहून किंवा चौकोनांची एकेक जोडी पाहूनसुद्धा यंत्र ठरविते, की हा भाग विणलेला पाठवावा की दोन अर्ध्यांत वेगळा. स्थिर भिंत विणून, धावता खेळाडू वेगळा. त्यानंतर २०१३ मध्ये आलेल्या एच.ई.व्ही.सी. या पद्धतीत अशी खास साधने ठेवलीच नाहीत. फोर-के चित्राच्या आंतरराष्ट्रीय मानकात तर फक्त सलग पद्धतच आहे. मोबाइलचे कॅमेरेही सलगच चित्र घेतात. ज्या विझत्या पडद्यासाठी गुंफण शोधली गेली, तो पडदाच आता घरांतून गेला. तरीही जुने कॅमेरे, जुनी यंत्रे आणि उपग्रहावरील मोजकी जागा यांमुळे ती लगेच जात नाही. विहीर आटली तरी थारोळे काही काळ जागेवर राहतेच.

आमच्या घरचा निकाल

हे सर्व मला एका दिवसात समजले नाही. महाविद्यालयातील भौतिकशास्त्राच्या सरांकडे मी भीतभीतच गेले. कला शाखेची मुलगी काय विचारते, असे त्यांना वाटेल ही भीती. त्यांनी फळ्यावर आडव्या रेघा ओढल्या आणि विचारले, "बॉक्सच्या यादीत काय निवडले आहे ते पाहिलेस का?"

घरी येऊन पाहिले. बॉक्सच्या यादीत ५७६ पी, ७२० पी, १०८० आय, १०८० पी असे पर्याय होते. बसवून देणाऱ्याने १०८० पी निवडलेले होते. त्याचा हेतू वाईट नव्हता. पी हे आयपेक्षा वरचढ, असे सगळेच मानतात. परंतु वाहिनी तर १०८० आय येत होती. आमचा बॉक्स दोन्ही अर्धी चित्रे पहिल्या तऱ्हेने सरळ विणून त्यावर 'पी' असा शिक्का मारत होता. संचाला वाटे, हे पूर्ण चित्रच आले आहे. सोडविण्यासारखे काही उरलेच नाही. त्यामुळे संचातील चांगले मंडल स्वस्थ बसून राही आणि दात पडद्यावर तसेच उमटत. पट्टीचेही गणित करून पाहिले. एखादे अक्षर पडद्याची रुंदी १० सेकंदांत ओलांडत असेल, तर सेकंदाच्या ५० व्या भागात ते जवळजवळ ४ ठिपके सरकते. अक्षराच्या प्रत्येक उभ्या काठीला ४ ठिपक्यांचे दात! एकेक अक्षर जुळवून वाचणाऱ्या माणसाला तेवढे दात पुरेसे आहेत. मी सरावाने अर्धा शब्द पाहून पुढचा ओळखत होते, म्हणून मला ती अडचण कधी जाणवलीच नाही.

मी १०८० आय निवडले. आता बॉक्सने अर्धी चित्रे अर्धीच, जशी आली तशी पुढे पाठविली आणि गुंफण सोडविण्याचे काम संचाने केले. खर्च एका बटणाचा. सरकणाऱ्या अक्षरांचे दात गेले. नानांनी पट्टी वाचायला सुरुवात केली. कापसापासून तुरीपर्यंत सगळी, मोठ्याने. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "म्हंजे मना डोया चांगला शेतस."

माझ्या मनाला ते वाक्य लागून राहिले. दोन महिने हा माणूस आपले डोळे गेले असे समजत होता. यंत्रात दोष असेल, कोणी चुकीचा पर्याय निवडला असेल, हे त्याच्या मनातही आले नाही. आपल्याला वाचता येत नाही म्हणजे आपल्यातच काही कमी आहे, असे त्याने धरून चालले होते. आमच्या घरांतून पहिल्यांदाच महाविद्यालयात येणाऱ्या आम्हा मुलामुलींनाही पुष्कळदा असेच वाटते. वर्गात एखादा शब्द समजला नाही, की दोष आपल्याच नजरेचा, असे समजून आम्ही गप्प बसतो.

'आय' आणि 'पी' या दोन अक्षरांचा अर्थ विचारायला मला दोन महिने लागले. तो कोणी आधी विचारला असता, तर नानांची जळगावची एक फेरी आणि मनातली धास्ती वाचली असती. वाचकांच्या घरी सरकत्या अक्षरांना दात दिसत असतील, तर त्यांनी बॉक्सच्या यादीतील हा पर्याय एकदा बदलून पाहावा. 'आय' ठेवून बरे दिसते की 'पी' ठेवून, हे ज्याच्या त्याच्या बॉक्सवर व संचावर अवलंबून आहे. अक्षर वरचढ म्हणून चित्र वरचढ होत नाही. नवा संच घेण्यापूर्वी एवढे करून पाहण्यास काहीही पडत नाही.